‘टियर फोर बघा आणि सही करा’ : या सल्ल्यावर सर्व्हर ठेवू नका

उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. कंपनीचे स्वतःचे सर्व्हर कोलोकेशनला, म्हणजे डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या रॅकमध्ये, ठेवायचे असतील तर चारच गोष्टी बघा, असं तो सांगतो: टियर फोरचं, म्हणजे डेटा सेंटरच्या दर्जाच्या सर्वात वरच्या पायरीचं, सर्टिफिकेट, ९९.९९५ टक्के अपटाइमची (सेवा चालू राहण्याच्या वेळेची) लेखी हमी, दोन कंपन्यांच्या इंटरनेट लाइन आणि ऑफिसपासून तासाभराचं अंतर. एवढं जुळलं की सही करा, पुढची काळजी डेटा सेंटरची. ज्या कंपनीत आयटी सांभाळायला एकच माणूस आहे, तिथे असा मेसेज शब्दशः पाळला जातो. म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर हवं.

आधी सर्टिफिकेट. टियरची प्रमाणपत्रं अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था देते आणि ती एकाच प्रकारची नसतात. एक मिळतं नुसतं डिझाइन तपासून, दुसरं बांधलेल्या इमारतीत प्रत्यक्ष चाचण्या घेऊन, तिसरं रोजचं कामकाज बघून. पहिल्याची मुदत दोनच वर्षं असते. माहितीपत्रकात ‘टियर फोर दर्जाचं’ असं मोघम छापलं असेल, तर ते कुणीच तपासलेलं नाही असं धरून चाला. कुठल्या इमारतीला कुठलं प्रमाणपत्र आहे, याची यादी इन्स्टिट्यूटच्या वेबसाइटवर सगळ्यांना खुली आहे. शिवाय बहुतेक मध्यम कंपन्यांना टियर थ्री पुरतं. त्यात कुठलंही एक यंत्र दुरुस्तीला काढलं तरी तुमच्या रॅकची वीज चालू राहते. टियर फोर अचानक आलेला बिघाडही पचवतं, पण त्याचं भाडंही तसंच. त्या जादा पैशात दुसऱ्या शहरात बॅकअप ठेवता येत असेल, तर मी विचार न करता बॅकअप घेईन.

आणि वीज गेल्यावर जनरेटर सुरू होईल का, हे डिझाइनचं प्रमाणपत्र सांगत नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. अशा वेळी जनरेटर दगा देतो त्याचं नेहमीचं कारण फार साधं असतं: स्टार्टिंगची बॅटरी उतरलेली. म्हणून डेटा सेंटर बघायला जाल तेव्हा थंडगार सर्व्हर हॉलमध्ये कमी आणि डिझेल जनरेटरच्या आवारात जास्त वेळ काढा. लॉगबुक मागा. ‘दर महिन्याला टेस्ट होते’ या उत्तरावर थांबू नका. टेस्ट लोडवर, म्हणजे खरा वीजभार देऊन, होते, की इंजिन दहा मिनिटं रिकामं फिरवून बंद करतात? ‘४८ तासांचं डिझेल आहे’ म्हणाले, तर ते किती लोड धरून? आणि डिझेलचा पंप कुठे बसवलाय? २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कमध्ये ७५ ब्रॉड स्ट्रीटच्या इमारतीत जनरेटर वर सुरक्षित होता, पण तळघरातली डिझेलची यंत्रणा पाण्याखाली गेली. डेटा सेंटरची आणि ग्राहक कंपन्यांची माणसं बादल्या भरभरून डिझेल सतरा मजले वर चढवत होती. २६ जुलै २००५ पाहिलेल्या महानगरात हा प्रश्न विचारायला संकोच कसला?

आता ९९.९९५ टक्के. हिशेब केला तर वर्षाला साधारण २६ मिनिटं बंद. पण टियरला असे टक्के जोडणं खुद्द अपटाइम इन्स्टिट्यूटनेच २००९ मध्ये सोडून दिलं. करारातली हमी म्हणजे सेवा बंद पडणार नाही असं वचन नव्हे. बंद पडली तर भाड्यातून किती सूट मिळेल, एवढंच ती सांगते. महिन्याचं भाडं ६० हजार धरा आणि त्यातली दहा टक्के सूट धरा. दिवसभर बिलिंग बंद राहिलेल्या कंपनीच्या हातात सहा हजार पडतात. व्याख्याही नीट वाचा. अनेक करारांत रॅकला वीज देणाऱ्या दोन्ही लाइन, म्हणजे फीड, एकाच वेळी गेल्या तरच ‘बंद’ धरतात, आगाऊ कळवलेलं मेंटेनन्स मोजत नाहीत आणि ठरल्या मुदतीत तुम्ही स्वतः मागणी केली नाही तर सूट बुडते.

दोन कंपन्यांच्या लाइनबद्दल मुंबईतलंच उदाहरण पुरेसं आहे. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू झाले. त्यांच्याकडे दोन वेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लाइन होत्या आणि दोन्हींत बिघाड आला. नंतरच्या खुलाशात रस्त्यावरच्या खोदकामाचा उल्लेख होता. बिलं दोन येतात म्हणून केबलचे मार्ग दोन असतात असं नाही. इमारतीत केबल किती बाजूंनी शिरते आणि दोन्ही लाइनचा मार्ग नकाशावर कुठून जातो, हे लेखी मागा.

तासाभराच्या अंतराचा फायदा खरा आहे. हार्ड डिस्क बदलायला माणूस पटकन पोचतो. पण ते काम डेटा सेंटरची माणसंही पैसे घेऊन करतात. धोका वेगळाच आहे. ऑफिस अंधेरीत, सर्व्हर महापेत आणि बॅकअप ऐरोलीत ठेवला, तर पाऊस आणि ग्रिड तिघांना एकच. सेबी शेअर बाजारांना पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपक्षेत्रात ठेवायला सांगते, ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर दूर. तुमच्यावर ती सक्ती नसेल, पण त्यामागचं कारण तुम्हालाही लागू आहे. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा एका ग्राहकाने पैसे भरून घेतलेला बॅकअपही त्याच इमारतीत होता. न्यायालयाने पुढे भरपाई द्यायला लावली, पण डेटा गेला तो गेलाच.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं वाक्य शेवटचं आहे: ‘पुढची काळजी डेटा सेंटरची’. डेटा सेंटर रॅकपर्यंत वीज आणून देतं. रॅकच्या आत काय आणि कसं जोडायचं, ते तुमचं काम. समजा, रॅकला ३२ अँपिअरच्या दोन फीड आहेत, ए आणि बी. ए वर २४ अँपिअर चाललेत, बी वर २३. पीडीयूच्या, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीच्या, डिस्प्लेवर दोन्ही व्यवस्थित दिसतात. एक दिवस ए बंद पडते. सगळा ४७ अँपिअरचा भार बी वर येतो, थोड्या वेळात तिचाही ब्रेकर पडतो आणि अख्खा रॅक अंधारात. चूक तुमची, त्यामुळे सूटही नाही. दोन्ही फीडची बेरीज २५ च्या आत हवी. तसंच बऱ्याचदा सगळे सर्व्हर दुहेरी पॉवर सप्लायचे, म्हणजे दोन्ही फीडना जोडलेले, असतात आणि फायरवॉलला, म्हणजे इंटरनेट आणि सर्व्हर यांच्यामधल्या सुरक्षा यंत्राला, मात्र एकच वायर असते. ती ज्या फीडवर, ती गेली की सर्व्हर चालू असूनही बाहेरून कुणालाच काही दिसत नाही. अशा यंत्रासाठी रॅकमध्ये एक फीड गेली की आपोआप दुसरीवर नेणारा छोटा ट्रान्सफर स्विच बसवा. कामकाज सुरू करण्याआधी डेटा सेंटरच्या माणसाला उभं करून ए फीड बंद करायला लावा, दहा मिनिटं थांबा, मग बी ची तशीच परीक्षा घ्या. याला नकार देणाऱ्याकडे मी सर्व्हर ठेवणार नाही.

बाहेर पडण्याबद्दल त्या मेसेजमध्ये चकार शब्द नाही. थकबाकी असेपर्यंत ग्राहकाची यंत्रं अडवून ठेवण्याचा हक्क अनेक करारांत असतो. बिलावर वाद असेल तर काय, नोटीस किती दिवसांची आणि सर्व्हर बाहेर न्यायचा गेट पास किती तासांत मिळेल, हे करारात लिहून घ्या, आणि तेही पहिलं भाडं भरायच्या आधी.