‘पाच वर्षांनी सिंडोपा चालत नाही’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. पार्किन्सन्समध्ये (कंपवातात) सिंडोपा ही गोळी पाच वर्षांनी चालत नाही, म्हणून जमेल तितकी लांबवा. तोवर कौंचबीजाचं चूर्ण घ्या. शेवटी मेंदूत बॅटरी बसवली की गोळ्या सुटतात.

गोळी चालते, पण कमी वेळ पुरते. सिंडोपातला लेव्होडोपा (मेंदूत त्याचं डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन बनतं) रक्तात साधारण दीड तासात निम्मा होतो. सुरुवातीला मेंदूतल्या शिल्लक पेशी तो साठवून पुरवतात. त्या घटल्या की डोस उतरताच अंग आखडतं. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. घानात औषध कित्येक वर्षं उशिरा मिळालं, तरी हे चढउतार आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर सुरू झाले. लांबवून फायदा शून्य.

डोस ‘लागला नाही’ की आधी ताट बघा. डाळ, पनीर, दह्याबरोबर घेतलेली गोळी बरेचदा फसते, कारण प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच वाटेनं आत शिरतात. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या; लोहाच्या गोळीशी दोन तासांचं अंतर ठेवा. उलटी-चक्करसाठी पेरिनॉर्म, स्टेमेटिल किंवा स्टुजेरॉन लिहून दिलं असेल तर आजार सांगून बदलून मागा. ही औषधं डोपामिनच अडवतात. (हे फार घरांत घडतं.)

कौंचबीजातही लेव्होडोपाच असतो, फक्त किती ते पुडीगणिक बदलतं आणि सिंडोपात असतो तसा मळमळ कमी करणारा कार्बिडोपा सोबत नसल्याने मळमळ जास्त. त्याच्या भरवशावर गोळ्या एकदम तोडल्या तर ताप चढून, अंग जखडून जिवावर बेतू शकतं.

आता बॅटरी, म्हणजे डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन): ऑपरेशन करून मेंदूत तारा बसवून सौम्य वीज देणं. गोळीने जे सुधारतं तेच बहुधा तिने सुधारतं, अपवाद कंपाचा. म्हणून आधी रात्रभर औषध थांबवून सकाळी हालचालींचे गुण मोजतात, मग डोस देऊन पुन्हा. निदान तीस टक्के फरक हवा. गोळी चढलेली असतानाही पाय जमिनीला चिकटतात, तोल जातो, तर ऑपरेशनने ते सहसा सुटत नाही. बोलणं उलट बिघडू शकतं. स्मृतिभ्रंश असेल तर टाळतातच. गोळ्या बऱ्याच कमी होतात, पूर्ण क्वचितच सुटतात.

मेसेजमध्ये अपोमॉर्फिन पंपाचं नावच नाही. डोपामिनसारखं काम करणारं औषध त्यातून सतत अंगात जातं. कातडीखाली सुई, कवटीला भोक नाही, नको झाला तर काढता येतो. त्रास म्हणजे सुईच्या जागी गाठी आणि मळमळ.

दिवसाला पाच डोस, दोन तास ‘ऑफ’ (डोस उतरून अंग आखडलेलं) किंवा तासभर त्रासदायक वळवळ (अंगाची आपोआप होणारी हालचाल), यातलं एक जरी असलं तरी न्यूरॉलॉजिस्टशी हे पर्याय बोला. जाताना तीन दिवसांची वही न्या: दर अर्ध्या तासाला ऑन (डोस चढलेला), ऑफ की वळवळ, आणि डोस-जेवणाच्या वेळा.