रहस्यकादंबरी वाचून झाल्यावर पाळावयाचे शिष्टाचार

मानसशास्त्रीय थरारकादंबरी वाचणे ही आता पुण्यात खाजगी बाब राहिलेली नाही. कोथरूडपासून विमाननगरपर्यंत जिथे म्हणून चार वाचक जमतात, तिथे अशा एखाद्या कादंबरीवर मत द्यावेच लागते. ते कसे द्यावे याचे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नसल्यामुळे काही होतकरू वाचक 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एवढेच बोलून गप्प बसतात. आपल्यावर अशी नामुष्की येऊ नये, म्हणून या सूचना.

कादंबरी मिटताच पहिले वाक्य असे उच्चारावे : "हॅ, मला तर चाळिसाव्या पानावरच कळलं होतं." हे वाक्य खरे असण्याची मुळीच गरज नाही. वास्तविक आपण आधी नवऱ्यावर संशय घेतलेला असतो, मग शेजाऱ्यावर, मग त्या फारच गोड बोलणाऱ्या डॉक्टरीणबाईंवर. शेवटच्या प्रकरणात यांपैकी कोणीतरी एक दोषी ठरतोच, आणि मग बाकीचे संशय विसरून तेवढा एक लक्षात ठेवायचा असतो. रोनाल्ड नॉक्स या इंग्लिश धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथाकारांसाठी दहा आज्ञा लिहिल्या. त्यांतली पहिलीच अशी की, गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असला पाहिजे. म्हणजे चाळिसाव्या पानापर्यंत त्याची गाठ घालून देणे हे लेखकाचे कामच होते. त्याचे श्रेय आपण घेतल्याने कोणाचे काही बिघडत नाही. त्याच आज्ञेचा उत्तरार्ध असा की, त्या गुन्हेगाराच्या मनातले विचार मात्र वाचकाला कळता कामा नयेत. मानसशास्त्रीय थरारकादंबरी बहुतेक वेळा नेमका हा उत्तरार्ध धुडकावून उभी राहते. ती आपल्याला एखाद्या मनाच्या आत नेऊन बसवते आणि खून कोणी केला यापेक्षा, हे जे मला सांगितले जात आहे ते खरे आहे का, असा प्रश्न आपल्यापुढे टाकते. हा प्रश्न वाचताना आपल्याला पडलाच नसेल, तर तसे कबूल करू नये. चाळिसावे पान पुन्हा सांगावे.

यानंतर वेगाबद्दल बोलावे. "एका बैठकीत संपवली" आणि "पहिली शंभर पानं सरकतच नाहीत" यांपैकी कोणतेही एक मत निवडता येते, कारण ही दोन्ही मते एकाच कादंबरीबद्दल, एकाच दिवाणखान्यात, एकाच बशीतल्या बाकरवडीकडे हात नेणाऱ्या दोन माणसांची असतात. त्या शंभर पानांत निवेदिका कोणता पेला धुते आणि कोणत्या खिडकीचा पडदा ओढते, हे लेखक सावकाशीने सांगत असतो, कारण आधी तिच्यावर आपला भरवसा बसल्याशिवाय पुढे तो मोडता येत नाही. हे कोणी समजावून सांगू लागल्यास "तुम्हाला काय, सगळंच आवडतं" असे म्हणून त्याला थांबवावे.

नायिका आपल्याला सून म्हणून चालली असती की नाही, हे न चुकता सांगावे.

"ती सरळ पोलिसांत का गेली नाही?" हा प्रश्न आवाज किंचित चढवून विचारावा. ती पहिल्याच प्रकरणात चौकीवर गेली असती तर कादंबरी सतरा पानांत आटोपली असती, आणि मग आपण मलपृष्ठावरची किंमत वाचून आरडाओरडा केला असता. पण त्या शक्यतेची चर्चा करू नये. (एका आक्षेपाची थट्टा मला करवत नाही. नायिकेची स्मृती लेखकाला सोयीच्या क्षणी जाते आणि सोयीच्याच क्षणी परत येते, तेव्हा वाचकाने जरूर चिडावे, कारण ती फसवणूक आहे. लेखकाने सगळे समोर मांडले होते आणि आपण पाहिले नाही, ही मात्र फसवणूक नव्हे. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ सालच्या एका कादंबरीवर, हे खेळाच्या नियमांना धरून नाही, अशी ओरड झाली होती. मजकूर पुन्हा तपासावा तर सुगावे जागच्या जागी मिळतात. त्या कादंबरीचे नाव मी सांगत नाही.)

साठी उलटली असल्यास बाबुराव अर्नाळकर काढावेत. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या माणसापुढे कोणतीही एक कादंबरी किरकोळच दिसते.

आता सर्वांत पवित्र कर्तव्य, म्हणजे ज्याने कादंबरी अजून वाचलेली नाही त्याला शेवट सांगणे. याच्या अनेक सभ्य पद्धती आहेत. "मी काही सांगत नाही हं, फक्त त्या बहिणीकडे लक्ष ठेवा," ही एक. "कुठपर्यंत आलात? अच्छा, अजून तिथेच? मग मी बोलतच नाही," असे म्हणून ओठ मुडपून हसणे, ही दुसरी. परंतु ज्यांना घरोघरी जाऊन हे करण्यास सवड नसते, त्यांच्यासाठी वाचनालयाचे पुस्तक ही उत्तम सोय आहे. मी नुकतीच एका वाचनालयातून, रीतसर नंबर लावून, अशी एक कादंबरी आणली. निवेदिकेवर माझा पुरता विश्वास बसला होता, आणि तो बसावा म्हणून लेखिकेने घेतलेल्या कष्टांचे मनातल्या मनात कौतुकही चालले होते, तेवढ्यात बासष्टाव्या पानाच्या समासात, सुबक वळणदार अक्षरात, एका नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून काही शब्द लिहिलेले दिसले आणि त्यांच्याखाली दुहेरी रेघ मारून 'ओळखले!' असा शेरा. ते शब्द मी इथे उतरवीत नाही. पण पुढे वाचत गेल्यावर, म्हणजे आता वाचण्यासारखे फारसे काही उरलेले नसताना नेटाने वाचत गेल्यावर, असे ध्यानात आले की त्या शब्दांतली एक गोष्ट शेवटच्या प्रकरणाखेरीज कुठेही आलेली नाही. म्हणजे हा अंदाज नव्हताच! या गृहस्थांनी, किंवा बाईंनी, पुस्तक पूर्ण वाचले, मग मागे येऊन बरोबर पान शोधले, पेन्सिलीला टोक केले आणि स्वतःच्या हुशारीचा पुरावा स्वतःच तयार करून पुढच्या सभासदासाठी ठेवून दिला. ग्रंथपालांना पान दाखवले, तर त्यांनी खणातून खोडरबर काढून माझ्यापुढे सरकवला. पानावरचे पुसले गेले. डोक्यातले पुसण्याची काही व्यवस्था त्यांच्या खणात नव्हती.

अशा वेळी कोणी तक्रार केलीच, तर "पुस्तक चांगलं असेल तर शेवट कळूनही आवडतं" असे शांतपणे सांगावे. अधिक वजन हवे असल्यास, सॅन डिएगोच्या विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पुढे करावा. त्यात शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा उलट अधिक आवडल्या होत्या. त्या लघुकथा होत्या, हे सांगू नये. थोडक्या पानांची कथा आणि तीनशे पानांची, रात्री जागवून अंगावर काटा आणण्यासाठी रचलेली कादंबरी यांत फरक असतो, हेही सांगू नये. आणि समजा, शेवट कळूनही मला ती आवडली असती, तरी तो आधी कळावा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या 'द माऊसट्रॅप' या नाटकाच्या अखेरीस, रहस्य बाहेर सांगू नका, अशी प्रेक्षकांना विनंती करतात. तशी विनंती इथे केली, तर रिक्षा मिळण्याआधी फोनवरून सगळे सांगून झालेले असेल. ही हुशारी नव्हे, हा निव्वळ हावरटपणा आहे. तुम्हाला जो धक्का बसला तो कोणी तुमच्यापासून हिरावला नव्हता. तुमच्या आधीच्या सभासदाने तोंड आणि पेन्सिल आवरली, म्हणून तो तुम्हाला मिळाला. पुस्तक पुन्हा वाचणे हेही सुख आहे. सुगावे कुठे पेरले होते ते पाहायला मीही मागे जातो, पण एकदा वाचून झाल्यावर जातो. तुम्ही मला पहिले वाचन होऊच न देता थेट दुसऱ्याला बसवलेत.

कादंबरी रटाळ वाटली तर रटाळ म्हणा. नायिका मूर्ख वाटली, शेवट ओढूनताणून आणलेला वाटला, तर तसे म्हणा. मला उलटे वाटले असेल तर मी वाद घालीन आणि तो वाद दोघांनाही आवडेल. पण समोरच्याने वाचली आहे का, एवढे आधी विचारा, आणि तो 'नाही' म्हणाला तर तोंड बंद ठेवा. वाचनालयाचे पुस्तक तुमच्या वर्गणीने तुमचे होत नाही. समासात लिहिल्यावाचून राहवतच नसेल, तर स्वतःची प्रत विकत घ्या; अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांना तोटा नाही.