‘रूडली’ म्हणजे ‘उद्धटपणे’ असं शिकवणं मी बंद केलंय

बारावीच्या वह्या तपासत होते. भाषांतराला एक साधं इंग्रजी वाक्य दिलं होतं. पहाटे एसटीचा हॉर्न वाजतो आणि माणूस जागा होतो, एवढंच. इंग्रजीत तिथे शब्द होता ‘रूडली’. बहुतेक मुलांनी लिहिलं, ‘एसटीच्या हॉर्नने त्याला उद्धटपणे जागे केले.’ एका मुलीने मात्र आधी ‘एसटीच्या हॉर्नने त्याची झोप खाडकन मोडली’ असं लिहिलं होतं. मग तिने ते खोडलं आणि वर नीट अक्षरात ‘उद्धटपणे’ लिहिलं. खोडलेली ओळ अजून वाचता येत होती.

ती ओळ बघून मला खरंच वाईट वाटलं. तिच्या कानाला बरोबर ऐकू आलं होतं, पण पाठ केलेल्या शब्दार्थाने ते खोडायला लावलं. शाळेपासून मुलांच्या शब्दार्थाच्या वहीत ‘रूड म्हणजे उद्धट, रूडली म्हणजे उद्धटपणे’ असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहून देणाऱ्यांत मीही आहे. मी त्या खोडलेल्या ओळीला पूर्ण गुण दिले.

मूळ लॅटिन शब्द आहे ‘रुडिस’. त्याचा अर्थ कच्चं, न घडवलेलं, हत्यार न लागलेलं. वागणुकीशी त्याचा संबंध नंतर आला. म्हणून इंग्रजीत ‘रूडली’ कोरलेली मूर्ती म्हणजे ओबडधोबड कोरलेली मूर्ती. मूर्तिकाराने कुणाचा अपमान केलेला नसतो. ‘रूडली’ बांधलेली झोपडी म्हणजे हाताला लागतील ती लाकडं आणि पालापाचोळा घेऊन उभी केलेली. शेक्सपिअरचं ‘रिचर्ड तिसरा’ हे नाटक 1597 मध्ये छापलं गेलं. त्यात सुरुवातीच्याच भाषणात रिचर्ड स्वतःच्या शरीराबद्दल बोलताना हा शब्द वापरतो. त्याचा अर्थ आपला ठसा ओबडधोबड उमटलाय, साचा नीट बसला नाही असा. तिथे ‘उद्धटपणे’ घालून बघा, वाक्याचा चक्काचूर होतो. विद्वानाला इंग्रजीत ‘एरुडाइट’ म्हणतात, तोही याच घरातला शब्द, कच्चेपणातून बाहेर काढलेला. कशाची प्राथमिक ओळख म्हणजे ‘रूडिमेंट्स’, तेही इथलेच. आणि ‘रूड हेल्थ’ म्हटलं की प्रकृती ठणठणीत!

आता याच्या समोर ‘पोलाइट’ ठेवा. तोही लॅटिनमधून आला, अर्थ घासूनपुसून गुळगुळीत केलेला. म्हणजे इंग्रजीतली ही सगळी कल्पना कारागिराच्या कामाची आहे. एक दगड घडवलेला, एक न घडवलेला. अर्थात ‘न घडवलेलं कोण’ हे ठरवणारे शहरातले शिकलेले लोक होते. इंग्रज कवी टॉमस ग्रेच्या 1751 च्या शोककवितेत खेड्यातल्या दफनभूमीत निजलेल्या पूर्वजांना ‘रूड’ म्हटलंय. ती माणसं कुणाला वेडंवाकडं बोलत होती म्हणून नव्हे, तर साधी, न शिकलेली होती म्हणून. आपल्याकडेही ‘ग्राम्य’ आणि ‘गावंढळ’ याच वाटेने आले. हे शब्द मला आवडत नाहीत, पण ते आहेत हे नाकारता येत नाही.

आपला ‘उद्धट’ मात्र या वाटेने आलेला नाही, आणि माझा खरा मुद्दा हाच आहे.

संस्कृतात ‘उद्धत’ म्हणजे वर उचललेलं, उसळलेलं. वाऱ्याने उडालेली धूळही उद्धत असते. उलट बाजूला ‘नम्र’, म्हणजे वाकलेला. म्हणजे आपल्याकडे प्रश्न घडणीचा नाही, मानेचा आहे. कुणी मान खाली घातली आणि कुणी वर केली. आपल्या घराघरातली वाक्यं आठवा. ‘वर तोंड करून बोलतोस?’ ‘उलट उत्तर देतेस?’ यात काय बोललं गेलं याचा पत्ताच नाही, फक्त तोंड कुठल्या दिशेला होतं तेवढंच आहे. लवून कोणी राहायचं आणि ताठ कोणी चालायचं हे आपल्याकडे जातीने, वयाने, पैशाने आणि बाई की पुरुष यावरून ठरवलेलं होतं. ते या शब्दात मुरलेलं आहे. म्हणून सून उद्धट असते, सासरे ‘कडक’ असतात. शिपाई उद्धट, साहेब ‘शिस्तीचे’. मुलगा उद्धट, मास्तर ‘स्पष्टवक्ते’.

हे मला पुस्तकातून नाही, शेजारच्या मावशींकडून कळलं.

मावशी पेन्शनच्या कामासाठी एका कार्यालयात तीन वेळा जाऊन आल्या होत्या. तिसऱ्या खेपेला रडवेल्या होऊनच घरी आल्या. भाचा म्हणाला, तक्रार इंग्रजीत लिहा, वजन पडतं. म्हणून माझ्याकडे आल्या. मी लिहिलं, तिथला कारकून माझ्याशी ‘रूडली’ बोलला. मावशींनी विचारलं, “काय लिहिलंस गं?” मी सांगितलं, “उद्धटपणे बोलला असं लिहिलंय.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “तो कुठला उद्धट? उद्धट तर तो मला म्हणाला. कागद परत का केला एवढंच विचारलं मी, तर म्हणतो, उद्धटपणे बोलू नको.”

माझं पेन तिथेच थांबलं. मग मी विचारलं, आधी तो नेमकं काय म्हणाला? तो म्हणाला होता, “ए बाई, कळत नाही का? बाजूला हो.” अडुसष्ट वर्षांच्या बाईला. आणि कागद हातात न देता काउंटरवरून सरकवला. त्यांनी उचलेपर्यंत तो खाली पडला, तर वाकून त्यांनाच घ्यावा लागला.

हे सगळं माझ्या त्या एका इंग्रजी शब्दाने गिळलं होतं. ‘ए’ गेलं. ‘हो’ आणि ‘व्हा’ यांच्यातला फरक गेला, कारण इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना ‘यू’. त्यांच्याकडेही एकेकाळी एकेरी ‘दाऊ’ होता, पण तो रोजच्या बोलण्यातून कधीच गेला. आपल्याकडे ‘अरेतुरे करणे’ असं अख्खं क्रियापदच आहे, कारण ते एक कृत्य आहे, कुणाला तरी खाली ढकलण्याचं.

आणि आपल्याकडे अशी किती क्रियापदं आहेत बघा. खेकसणं, झिडकारणं, वसकन अंगावर येणं, तोडून बोलणं, हिडीसफिडीस करणं. यातलं एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. खेकसणाऱ्याचा आवाज चढलेला असतो. झिडकारणारा आवाज न चढवताही दूर लोटतो. हिडीसफिडीस एकदा होत नाही, ती रोजची असते, सांभाळायला ठेवलेल्या पोराच्या वाट्याला येते तशी. तुसडा माणूस कुणालाच जवळ येऊ देत नाही, त्यात त्याचा तुमच्यावर वेगळा राग नसतो. फटकळ बाईबद्दल तर लोक मायेनेही बोलतात, ‘तोंडाने फटकळ पण मनाने चांगली’. इंग्रजी क्रियाविशेषणाला यातलं एकेक ठिकाण हुडकून द्यावं लागतं. ते काम कष्टाचं आहे, आणि भाषांतर शिकवायचं म्हणजे हेच शिकवायचं, असं मला आता मनापासून वाटतं.

वर्गात मी आता ‘रूडली’चा अर्थ सांगत नाही. फळ्यावर चार वाक्यं लिहिते. हॉर्नने मोडलेली झोप, ओबडधोबड मूर्ती, मुलीवर खेकसणारा दुकानदार, आणि बोलण्याच्या मध्येच तोडणारा पाहुणा. मग मुलांना विचारते, तुमच्या घरी हे कसं म्हणतात? पहिल्या दिवशी एक मुलगा उभा राहून म्हणाला, “मॅडम, आमच्याकडे मूर्ती रांगडी म्हणतात, ओबडधोबड नाही.” वर्गातली दोन मुलं ‘उलट बोलू नको’ म्हणून हसली. मी त्यांना गप्प केलं आणि ‘रांगडी’ फळ्यावर लिहिलं.

मावशींचा अर्ज शेवटी मराठीतच गेला. त्यात ‘उद्धट’ कुठेच नाही, ‘गैरवर्तन’ पण नाही. तारीख, वेळ, खिडकीचा क्रमांक, आणि अवतरणचिन्हात ‘ए बाई, कळत नाही का? बाजूला हो.’ कागद खाली पडला, तोही लिहिला. मावशींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग माझ्या हातातून पेन घेतलं, ‘ए बाई’खाली स्वतःच्या हाताने रेघ ओढली आणि सही केली.