‘लगान’मधल्या कचरावरून आलेल्या कमेंटला उत्तर, जरा लांबलं आहे

भाऊ, ‘लगान’वरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ‘लगान’ हा क्रिकेटच्या येडाचा पिक्चर आहे, हिंदू मुसलमान शीख दलित सगळे एका टीममध्ये घेतलेत, आता अजून काय पाहिजे, अन मी कचराच्या (म्हणजे त्यातला अस्पृश्य गडी, ज्याला टीममध्ये घ्यायला गाव विरोध करते) सीनवरून उगाच जात उकरून काढली.

आधी एक मान्य करतो. ‘तो सीन नुसता दाखवायला टाकलाय’ असं मी लिहिलं ते जास्तच झालं. 2001 मध्ये एवढ्या मोठ्या पिक्चरमध्ये हीरो भुवन सगळ्या गावाला तोंडावर सुनावतो, शबरीची बोरं काढतो, हे काही कमी नाही. आमच्या गावात ग्रामपंचायतीसमोर भाड्याचा टीव्ही अन सीडी लावून पाह्यला होता, त्या सीनला खालच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या अन आम्ही वरच्या बाजूचे गप बसून होतो, ते मला अजून आठवते.

पण टीममध्ये कोण कोण आहे हा माझा मुद्दाच नव्हता. गोली गोफण फिरवल्यासारखा हात फिरवून बॉल टाकतो, बाघा मुका आहे अन ढोल बडवतो, यांना टीममध्ये यायला कोणता चमत्कार करावा लागला? कचराला करावा लागतो. बॉल घरंगळत त्याच्याकडं जातो, तो हात लावायला भितो, भुवन म्हणतो फेक, मग तो फेकतो अन अधू हातामुळं बॉल वळतो, म्हणजे कला पण त्याची नाही, हाताची. मग सगळं गाव त्याच्याबद्दल भांडते पण त्याला कोणी विचारत नाही की बाबा तुला खेळायचं आहे का. हॅटट्रिक घेतो बिचारा. अन बॅट हातात येते तेव्हा शेवटच्या बॉलवर पाच रन पाहिजेत, तो कसातरी एक काढतो, सगळे हळहळतात, मग नोबॉल, मग भुवनचा सिक्स. कमर्शियल पिक्चर आहे, सिक्स हीरोच मारणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. (बायांचं तर काढतच नाही, क्रिकेट शिकवणारी बाईच आहे, पण ती गोरी, गावातल्या बाया गाणी म्हणायला.)

तुम्ही लिहिलं ‘त्या काळात एवढंच होऊ शकत होतं’. काळ 1893 चा आहे ना? त्याच सुमारास पुण्यात गोऱ्यांच्या पूना क्लबवर पाळवणकर बाळू नावाचा चांभार समाजातला पोरगा साहेबांना नेटमध्ये तासनतास बॉल टाकत होता, डावखुरा स्पिनर, अन बॅट काही त्याला देत नव्हते. मग हिंदूंच्या टीमनं (तेव्हा टीमा धर्मावरून असायच्या) घेतला, कारण इंग्रजांना हरवायचं होतं, पण चहा मात्र त्याला पॅव्हेलियनच्या बाहेर, वेगळ्या कपात. 1911 च्या इंग्लंड टूरवर 114 विकेटा काढल्या तरी हिंदूंचा कॅप्टन त्याला केलाच नाही, 1923 ला त्याचा भाऊ विठ्ठल झाला. अन हा बाळू कचरासारखा हात जोडून उभा राहणारा पण नव्हता, 1937 च्या निवडणुकीत थेट बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला अन पडला, म्हणून जयंतीच्या बॅनरवर तुम्हाला तो सापडायचा नाही. असा आडवातिडवा माणूस पिक्चरवाल्यांना झेपत नाही, गरीब गाय झेपते.

राहिलं तुमचं ‘टॅलेंटला जात नसते’. भाऊ, हे मी पण लय वेळा म्हटलं आहे. आमच्याकडं हरभरा निघाला की मोकळ्या वावरात टेनिस बॉलची टूर्नामेंट, बाउंडरीला पऱ्हाट्यांचे ढीग. खालच्या मोहल्ल्यातला एक जण असा बॉल टाकायचा की टप्पा पडल्यावर ढेकळावरून कुठं जाईल समजायचं नाही. कॅप्टन मी. बाहेरगावची टीम आली की त्याला घरून आणायला मीच गाडी काढायचो, जिंकलो की पोरं त्याला खांद्यावर घ्यायची, अन संध्याकाळी वाड्यावर मटणाचा रस्सा असला की त्याचं ताट गोठ्याजवळ. ‘तोच तिकडं बसते, आम्ही कुठं म्हटलं’, असं म्हणायची पद्धत होती, मी पण तेच म्हणायचो. बॅटिंगला तो कायम अकरावा. सहा सीझन.

आता तो पिकअप चालवते, आमचं बोलणं आहे. पोस्ट टाकायच्या आधी फोन केला होता, विचारलं लगान पाह्यला का. म्हणे चार-पाच खेपा पाह्यला, मस्त आहे. मग जरा थांबून म्हणे, ‘पण भाऊ, त्या कचराले शेवटच्या बॉलच्या पह्यले कोणं बॅट देल्ली होती का हातात? मंग तो पाच रन कुठून काढन?’

हे मी पोस्टमध्येच लिहायला पाहिजे होतं. तेव्हा लिहिलं नाही.