मुलांचे टोचायचे इन्सुलिन बंद करू नका

‘श्वासातून घ्यायचे इन्सुलिन आले, आता मुलांना सुया नकोत’ हा फिरणारा संदेश चुकीचा आणि धोकादायक आहे. भारतात डिसेंबर 2024 मध्ये या औषधाला मिळालेली मंजुरी प्रौढांसाठी होती. शिवाय ते जेवणावेळचे, झटपट काम करणारे इन्सुलिन असल्याने टाइप 1 मधुमेहात (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन टोचावेच लागते, आणि इन्सुलिन थांबवल्यास कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणे) होऊन मुलाच्या जिवावर बेतू शकते. दिवसातून चार-पाच वेळा लेकराला टोचणे आईवडिलांना किती जड जाते, याची जाणीव आहे. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्वचेवर इंजेक्शन पोर्ट (सुई टोचण्यासाठी त्वचेला चिकटवायचे छोटे साधन) बसवता येतो. तो साधारण तीन दिवस चालतो आणि तोवरची प्रत्येक सुई कातडीत न जाता त्या पोर्टमध्येच जाते.