‘पाचव्या वर्षी मैदान नाही, तर कधीच नाही’ हे खरं नाही

वार्षिक परीक्षा संपत आल्या की जळगाव-धुळ्याकडच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: मूल पाच वर्षांचं झालं की कोचिंगला घाला, नाहीतर संधी गेली. एकच खेळ धरा, कारण चॅम्पियन घडायला १० हजार तास लागतात. पहिल्या दिवशी रडलं तर गेटवर सोडा आणि मागे वळून पाहू नका. पहिल्या महिन्यापासून स्पर्धा आणि नंबर हवेत. शेवटची ओळ खास आपल्यासाठी: खान्देशचं पोर आहे, ऊन सोसायची सवय आताच लावा.

मी अमळनेरला सकाळी लहान मुलांना मैदानावर खेळवतो. हा मेसेज वाचून घाबरलेले आईबाप रोज भेटतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी ‘संधी गेली’ हा. मेसेजमध्ये सचिन तेंडुलकरचा फोटो असतो. सचिन क्रिकेट शिकायला रमाकांत आचरेकर सरांकडे गेला तेव्हा ११ वर्षांचा होता, आणि त्याआधी त्याला टेनिसचं वेड होतं. म्हणजे ज्याचा फोटो लावलाय, त्याचंच उदाहरण मेसेजच्या विरोधात जातं. नीरज चोप्राला घरच्यांनी व्यायामाला घातलं ते वजन कमी व्हावं म्हणून. भाला त्याला पानिपतच्या स्टेडियमवर नंतर सापडला. आपल्या बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, तिथे क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानातून लांबवर, धावायला लागला आणि मग स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीकडे वळला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवलं. शाळेला जाताना तो लहानपणी पायी धावायचा, पण त्याला कोणी शिट्टी मारून धावायला लावत नव्हतं.

आणि आपल्याकडची व्यवस्था तरी काय सांगते? शालेय क्रीडा स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य ही सगळी चढण १४ वर्षांखालील गटापासून सुरू होते. बालवाडीतल्या मुलाची कोणती गाडी सुटणार आहे? जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात लवकर सुरुवात होते, हे खरं. पण मेसेज पाठवणारे बहुतेक जण क्रिकेटबद्दल बोलत असतात.

१० हजार तासांचं लवकर आटपतो. तो आकडा खेळाडूंचा नाहीच. १९९३ मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातल्या सर्वांत चांगल्या गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती. सरासरी म्हणजे काहींचे तास त्याहून कमीच भरले होते. एकाच खेळाला जुंपण्याबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं ते याच्या नेमकं उलट आहे: बहुतेक खेळांत १५-१६ वर्षांपर्यंत एकाच खेळात अडकू नये. एकाच हालचालीचा मारा वाढत्या हाडांवर आणि सांध्यांवर होतो, आणि मूल कंटाळून खेळच सोडतं. लंगडी, लगोरी, खो-खो, विटीदांडू, पोहणं यांत तोल, पळता पळता वळणं, नेम, श्वास हे सगळं येतं. पुढे कोणताही खेळ धरला तरी ते वाया जात नाही.

आता रडण्याचा मुद्दा. याचा मला सर्वांत जास्त राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘गेटवर सोडा, मागे पाहू नका, नाहीतर पोर कमजोर होईल.’ हे लिहिणाऱ्याने रडणाऱ्या मुलाजवळ उकिडवं बसून त्याला कधी विचारलं असेल, असं मला वाटत नाही. विचारलं की कारणं निघतात, आणि ती फार साधी असतात. शिट्टीचा आवाज कानात बसतो. मोठी मुलं अंगावर धावत येतात. ‘लाइनीत या’ म्हटल्यावर लाइन कुठे आहे तेच कळत नाही. आणि कितीतरी वेळा खरं कारण लघवी असतं. नव्या ट्रॅक पँटची नाडी घरी आईने गच्च बांधलेली, ती सुटत नाही, आणि कोणाला सांगायचं ते माहीत नाही. पोर आळशी नाही, भित्रंही नाही. त्याला फक्त मोकळं व्हायचं आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा आजोबांचं धोतर मुठीत धरून उभा होता. ‘माले घर जानं शे’ (मला घरी जायचंय), एवढं एकच म्हणत होता. आजोबा मेसेज वाचून आलेले, म्हणाले, ‘सर, मी निघतो, तुम्ही बघा.’ मी म्हटलं, ‘आप्पा, निंबाखाली बसा, त्याला दिसाल असे.’ मैदानावर खुणेसाठी ठेवतात त्या प्लास्टिकच्या बशांची चळत मुलाच्या हातात दिली आणि म्हटलं, मला इथून तिथपर्यंत मांडून दे. त्याने मांडल्या. वाकड्या, एकीला एक चिकटून, दर बशीनंतर आप्पा आहेत ना ते बघत. त्या दिवशी तो खेळला नाही. पुढचे काही दिवस बशा मांडायचं काम त्याचंच होतं, आणि एका सकाळी त्याच बशांमधून लंगडी घालत तो आपणहून गेला. त्या सकाळीही आप्पा निंबाखालीच होते. मूल दोन पावलं पुढे टाकतं ते मागे कोणीतरी आहे याची खात्री असते म्हणून. ती खात्री काढून घेतली की ते गप्प होतं, आणि गप्प झालेल्या मुलाला आपण ‘सुधारलं’ म्हणतो.

एवढ्या लहान वयात नियमांची अपेक्षाही आवरती घ्या. बहुतेक मुलांना सांघिक खेळाला लागणारी तयारी साधारण सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते. त्याआधी बॉल दिला की सगळी पोरं एकदम त्याच्यामागे धावतात, गोलकीपरसुद्धा. हे त्या वयाचं लक्षण आहे, त्यावर ओरडायचं काय? उलट मोठ्यांचा पाच नंबरचा फुटबॉल त्यांच्या पायात देणं ही आपली चूक. तो ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. लहानांना तीन नंबरचा द्यायचा.

नंबर आणि पदकांचं. नॉर्वेत मुलांच्या खेळाचे नियम १९८७ पासून लेखी आहेत, आणि ११ वर्षांच्या आधी निकालांच्या याद्या, गुणतक्ते लावत नाहीत. तो देश साधारण ५५ लाख वस्तीचा. २०११ च्या जनगणनेत आपले जळगाव आणि धुळे हे दोनच जिल्हे मिळून ६२ लाखांवर होते. त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णांसह ३७ पदकं नेली. त्यांच्याकडे पैसा आहे, बर्फ आहे, मान्य. पण लहानपणी नंबर काढला नाही म्हणून त्यांची जिद्द मेली, असं तर कोणी म्हणू शकत नाही. मूल हरलं तर त्याला घरी गेल्यावर काय ऐकावं लागतं, हे मला नंबरापेक्षा महत्त्वाचं वाटतं. मोटारसायकलवर पुढे बसवून घरापर्यंत ‘कॅच का सोडला’ विचारणारे वडील मी पाहतो. भाऊ, भूक लागली का ते विचारा.

राहिलं ऊन. इथे मेसेज नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास जातो. शेतात राबणारी मोठी माणसंही दुपारी झाडाखाली येतात, आणि आपण पाच वर्षांच्या पोराला सवय लावायला निघालो आहोत. खेळात रंगलेलं मूल तहान लागली तरी पाणी मागत नाही. दर १५-२० मिनिटांनी खेळ थांबवून पाजावं लागतं. चक्कर, डोकं दुखणं, मळमळ, चिडचिड यातलं काही दिसलं की लगेच सावली, ओलं फडकं, पाणी, आणि त्या दिवशीचा खेळ बंद. मूल गुंगीत गेलं किंवा बरळायला लागलं तर थेट दवाखाना गाठायचा. शिबिर सकाळी सहाला सुरू होऊन आठला संपायला हवं. फी भरण्याआधी तिथल्या सरांना विचारा: एका सरामागे मुलं किती, पाण्याचा माठ कुठे, मुतारी कुठे, बॉल कितव्या नंबरचा, आणि पहिला आठवडा आईला, आजोबांना बसायला जागा आहे का. ‘पालकांना आत परवानगी नाही’ असं उत्तर आलं, तर फी भरू नका.