दिवे मालवा, बीजिंग लागतंय

शॉर्टवेव्हचा, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं पकडणारा रेडिओ कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, घरात चार्जर किती? समोरचा गोंधळतो. त्याला किमतीबद्दल बोलायचं असतं.

खोक्यावरच्या ‘१२ बँड’ला भुलू नये. त्यातले बरेचसे बँड म्हणजे एकाच शॉर्टवेव्हच्या फोडी. काटा केसभर हलला की दोन-तीन स्टेशनं मागे पडतात, कारण ती ५-५ किलोहर्ट्झवर खेटून बसलेली असतात. म्हणून आकडे दाबून थेट स्टेशनावर जाता येईल असा सेट घ्या. (नुसत्या आकड्यांवर जाऊ नका, काहींत पडदा डिजिटल आणि आत जुनीच चकती असते.) अगदी स्वस्त सेटमध्ये एक योजना चालते, एका स्टेशनावर एक फुकट. ९,९०० वरचं दणदणीत स्टेशन ८,९९० वरही भेटतं. आलेला सिग्नल सेट आत एका ठरलेल्या मधल्या फ्रीक्वेन्सीवर उतरवतो. ती ४५५ किलोहर्ट्झ, तिची दुप्पट ९१०, तेवढ्या अंतरावर हे भूत उभं राहतं. ‘डबल कन्व्हर्जन’, म्हणजे हे उतरवणं दोन टप्प्यांत करणाऱ्या सेटमध्ये ते सहसा दिसत नाही.

एसएसबी (सिंगल साइडबँड, म्हणजे लहरीची एकच बाजू वापरणारं प्रक्षेपण) ऐकायची सोय हवीच. ७,००० ते ७,२०० वर हॅम मंडळींच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या गप्पा रंगतात. एसएसबी नसेल तर बदकांची भाऊबंदकी ऐकू येते. तिथे लोअर साइडबँड, म्हणजे लहरीची खालची बाजू लावायची. नवख्याला मी टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ सुचवतो. दोन्हींत एसएसबी आहे, बाहेरच्या अँटेनाला भोकही आहे.

आणि मग हा गुणी रेडिओ घरात लावला की नुसतं घर्रर्र! सेट परत करायला धावू नका. एलईडी बल्ब, मोबाइलचा चार्जर, राउटर, सेटटॉप बॉक्स, प्रत्येकाने आपापलं प्रक्षेपण केंद्र उघडलेलं असतं. सेट बॅटरीवर ठेवा आणि एकेक बटण बंद करत घरभर फिरा. घरचे काय म्हणतील ते म्हणोत. लोडशेडिंग हा आमचा सण. तोही शेजारच्यांचा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच.

पाच-सात मीटर प्लास्टिकवेष्टित वायर खिडकीबाहेर सोडा, विजेच्या तारांपासून लांब, आणि चिमट्याने सेटच्या अँटेनाच्या दांडीला लावा. उत्साहात तीस मीटर ताणलीत तर सेट गुदमरतो, सगळी स्टेशनं एकमेकांच्या अंगावर चढतात. ढग गडगडले की वायर आधी काढा.

दिवसा १३ मेगाहर्ट्झच्या वर, रात्री १० च्या खाली शोधा. उन्हात आयनोस्फियरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर खालच्या फ्रीक्वेन्सी गिळतो. स्टेशनांची वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यात साडेपाच तास मिळवले नाहीत तर रोज शांतताच ऐकाल.

हे सगळं जमवून अंधारात बीजिंग स्वच्छ लागतं, तेव्हा घरातून हमखास विचारणा होते, ‘‘यात विविध भारती लागतं का?’’

लागतं. एफएमवर.